पोरांना एक आख्खी संध्याकाळ द्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर बर्लिनच्या युथ ऑर्केस्ट्रा फेस्टिव्हलची बातमी आली होती, एवढीशी, वर सोयाबीनचे भाव आणि खाली टायरच्या दुकानाची जाहिरात, त्यामुळं बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली असंल. माझ्या नाही सुटली, कारण मी अंबाजोगाईत पेटी शिकवतो आणि पोरं आणि वाद्य हे दोन शब्द एका ओळीत दिसले की आम्ही थांबतोच. तर त्या बातमीवरून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त सत्काराबद्दल लिहिलंय ते तेवढं राहू द्या.

ज्यांनी बातमी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यंग युरो क्लासिक नावाचा हा महोत्सव बर्लिनमध्ये २००० सालापासून दर उन्हाळ्यात होतो, आणि होतो कुठं तर कोन्झर्टहाउसमध्ये, म्हणजे शहरातल्या सगळ्यात मानाच्या हॉलपैकी एकात. १८२१ साली थिएटर म्हणून बांधलेली इमारत, दुसऱ्या महायुद्धात पडली, परत उभी केली आणि १९८४ ला संगीताचा हॉल म्हणून उघडली. तिथं देशोदेशीचे तरुणांचे ऑर्केस्ट्रे येतात, कोणी पंधरा वर्षांचं कोणी पंचवीस, आणि एका संध्याकाळी एकच ऑर्केस्ट्रा वाजवतो. पूर्ण कार्यक्रम. आधी एखादा नावाजलेला माणूस स्टेजवर येऊन चार शब्दात ओळख करून देतो आणि खाली जाऊन बसतो. नवीन रचना वाजवल्या जातात आणि त्यातली चांगली कोणती ते ठरवायला ज्युरी असते ती साध्या प्रेक्षकांची. आता बगा, यात पैसा किती लागत असंल ते सोडा, जर्मनी आहे, लागणारच. पण "आख्खी संध्याकाळ पोरांची" हे ठरवायला पैसा लागत नाही ना.

आपल्याकडं पोरांना काय मिळतं ते सांगतो. जिल्ह्याचं नाव घेत नाही आणि आयोजकांचंही नाही, कारण नाव घेतलं की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि खुलासे सुरू होतात. एका मोठ्या महोत्सवात आमच्या पोरांना बोलावलं, सहा वाजता या म्हणाले, आम्ही पाचलाच पोचलो, पोरं इस्त्रीचे कपडे घालून विंगेत उभी, वाद्यं मिळवून तयार. साडेसातला प्रमुख पाहुणे यायचे होते म्हणून "तोपर्यंत तुमचं उरकून घ्या" असं सांगितलं. नंतर म्हणाले थांबा, साहेब गेटवर आलेत. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, शाल, श्रीफळ, परत शाल, स्वागताध्यक्षांचं मनोगत, ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. तोवर पोरांच्या सतारी उतरल्या, बोटं गार पडली, आणि नऊच्या पुढं आठ मिनिटं दिली तीपण माईक चालू-बंद होत होता. खाली पहिल्या दोन रांगा उठून जेवायला गेलेल्या. मुंबईचे कलाकार आले तेव्हा त्या रांगा परत भरल्या. मुंबईच्या कलाकारांबद्दल तक्रार नाही, त्यांनी छानच गायलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठवाड्यातल्या महोत्सवांनी पोरांच्या वाद्यवृंदाला एक संध्याकाळ द्यावी, फिलर म्हणून नाही, पोस्टरवर नाव छापून. वेरूळ-अजिंठा महोत्सव मधली काही वर्षं बंद होता, २०२३ ला परत सुरू झाला, सोनेरी महालासारखी जागा आहे. आमच्या गावात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, त्याची संगीत सभा दूरदूरची माणसं येऊन ऐकतात. लातूर, नांदेड, परभणीलाही सभागृहं आहेत, रसिक आहेत. मंच नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

पण मग लगेच प्रश्न येतो, वाद्यवृंद आहे कुठं? बरोबर आहे, नाही. आणि का नाही त्याचा विचार केला तर आमची शिकवण्याची पद्धतच आडवी येते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, सगळ्या परीक्षा एकेकट्याच्या. पोरगं खोलीत एकटं शिकतं, एकटं परीक्षकासमोर बसतं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या पालकांना दहावीला कलेचे वाढीव मार्क मिळतात तेवढ्यापुरतंच पाहिजे असतं, दहावी झाली की पेटी माळ्यावर. युवक महोत्सवात लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते, पण ती कॉलेजात आल्यावर, आणि तयारी पंधरा दिवस आधी कोण-कोण आहे रे गावात असं विचारत. सोबत वाजवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती लहानपणी कोणीच शिकवत नाही. मीपण क्लासमध्ये शिकवत नव्हतो, आता आता रविवारी सगळ्यांना एकत्र बसवायलोय, पहिले काही रविवार नुसता मासळी बाजार होता.

ऑर्केस्ट्रात काय होतं ते व्हिडिओवर बघण्यासारखं आहे, गाणं नाही आवडलं तरी चालंल. सुरुवातीला ओबो, म्हणजे सनईच्या नात्यातलंच पत्तीचं वाद्य, एक सूर धरतं, सेकंदाला ४४० कंपनांच्या आसपासचा, आणि शंभर पोरं त्याच्याशी आपापलं वाद्य मिळवतात. म्हणजे कोणाचाच सा स्वतःचा नाही. व्हायोलिनवाल्यांत दोघात नोटेशन ठेवायचा एक स्टँड असतो आणि आतल्या बाजूला बसलेल्यानं पान उलटायचं, तेवढ्या वेळ बाहेरच्यानं दोघांचं वाजवायचं. ढोलवाला किंवा ट्रम्पेटवाला कधीकधी शंभर-शंभर मात्रा नुसता गप बसून मोजत असतो आणि बरोबर जागेवर एक ठोका देतो. ते गप बसून मोजणं मला सगळ्यात अवघड वाटतं. आमच्या क्लासमधलं पोरगं चार मात्रा मोकळ्या मिळाल्या की तिथं एक तान घुसवणारच. आणि तयारी कशी करतात तर आधी एकेका वाद्याचा वेगळा गट, त्याला त्या वाद्यातला जाणकार शिकवणार, मग सगळे एकत्र. ब्रिटनचा राष्ट्रीय युथ ऑर्केस्ट्रा १९४८ पासून आहे, १३ ते १९ वयाची पोरं, शाळेच्या सुट्टीत एकत्र राहायचं, वाजवायचं, आणि लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात मोठ्यांच्या ऑर्केस्ट्र्यांच्या बरोबरीनं त्यांचा कार्यक्रम.

आता आमचे काही जुने लोक म्हणतील, आणि मला क्लासमध्ये येऊन म्हणतातही, की आपलं संगीत एकट्याचं आहे, रागात मींड आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, श्रुती आहेत, म्हणजे सुरांतले बारीक फरक, पन्नास जण मिळून मारवा राग कसा वाजवणार, त्याचा चिवडा होईल. अर्धं खरं आहे. पाश्चात्यांची हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर मिळून वाजवणं, उचलून आपल्या रागावर बसवली तर कानाला टोचतं, सिनेमावाल्यांना जमतं ते वेगळं. पण म्हणून आपल्यात सोबत वाजवणं नव्हतंच हे काही खरं नाही. मध्य प्रदेशातल्या मैहरला सरोदवादक आलाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमारास बँड उभा केला तो कोणाला घेऊन, तर अनाथ पोरांना. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग नावाचं वाद्य केलं आणि ते बँडात वाजवलं. त्यांचेच शिष्य रविशंकर, त्यांच्याकडं १९५२ ला आकाशवाणीच्या दिल्लीच्या वाद्यवृंदाचं काम आलं. द्रुत गत, म्हणजे जलद लयीतली बांधलेली चाल, तराणा, धून, हे पन्नास जणांना सहज वाजवता येतं, आणि आलाप एकानं करावा बाकीच्यांनी गप बसून मोजावं, तेच तर शिकायचंय.

आणि लांब कशाला जायचं. संगीतरत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव देवगिरीला यादवांच्या दरबारात होता, सिंघण राजाच्या काळात, म्हणजे आपल्या दौलताबादलाच, तेराव्या शतकात. त्यानं वृंद कसा असावा ते मोजून लिहून ठेवलंय, उत्तम वृंदात मुख्य गायक चार, साथीला गाणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार आणि मृदंगवाले चार. झाले बत्तीस. मध्यम आणि कनिष्ठ वृंदाचं पण सांगितलंय. दौलताबादला दरवर्षी इतक्या सहली जातात, पोरं भुयारात मोबाइलची बॅटरी लावून ओरडतात, किल्ल्यावरची तोफ बघतात आणि गडाखाली वडापाव खाऊन येतात, एकाही गाइडला मी हे सांगताना ऐकलं नाही.

बरं पोरं कुठून आणायची म्हणाल तर पोरं लई आहेत, फक्त आपण त्यांना संगीतवाले धरत नाही. कोणत्याही गावच्या सप्त्यात जा. साठ-सत्तर टाळकरी दोन रांगात, त्यात निम्मी पोरं दहा-बारा वर्षांची, पावली खेळतात, पाय आणि टाळ एकाच वेळी, मृदंगवाल्यानं लय वाढवली की सगळी रांग वाढते, विणेकरी मधी. त्यांना कोणी बॅटन, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याची काठी, दाखवत नाही. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत, जोग महाराजांनी १९१७ ला काढलेली, तिथं बीड-परभणी-हिंगोलीची किती पोरं पखवाज शिकून येतात ते गावागावात दिसतं. नांदेडला गुरुद्वाऱ्यात रागात शबद गाणारी पोरं आहेत आणि त्या शबदात आपल्या नर्सीच्या नामदेवाचे पण आहेत. खुलताबादच्या उरुसात कव्वालीला टाळी देणारी पोरं बगा, टाळी इतकी पक्की की तबला बंद पडला तरी लय हलत नाही.

आणि बँडवाले. यावर थोडं मोकळं लिहितो. बर्लिनच्या स्टेजवर जे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट असतं तेच परळीच्या वरातीत असतं, वाद्य तेच. लग्नसराईत सोळा वर्षांचं पोरगं जून महिन्यापर्यंत रोज चार-चार तास चालत, उन्हात, कडक गणवेशात क्लॅरिनेट वाजवतं, कानानं उचललेली शे-दोनशे गाणी त्याला पाठ असतात. फुफ्फुसाचा इतका रियाज आमच्या कोणत्याच विद्यार्थ्याचा नाही. पण त्याला कोणी क्लासला ये म्हणत नाही, आणि क्लासातल्या पोराला कोणी त्याच्याकडं शिकायला पाठवत नाही. हलगीचं तसंच, संबळाचं तसंच, सनईचं तसंच. काहून, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, गावात वाजवणारी घरं ठरलेली आहेत आणि ती घरं कोणत्या गल्लीत आहेत तेपण ठरलेलं आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांना भारतरत्न मिळालं म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि दारात सनई वाजवणाऱ्याला मांडवाच्या बाहेर जेवायला बसवतो. वाद्यवृंद करायचा तर हे पोरगं आणि डॉक्टरसाहेबांची सतार शिकणारी मुलगी एका स्टँडवर बसली पाहिजेत, नाहीतर तो नुसता क्लासवाल्यांचा गॅदरिंग होईल आणि मग मला त्यात रस नाही.

हे स्वप्न वगैरे नाही, झालेलं आहे जगात. व्हेनेझुएलात १९७५ ला आब्रेउ नावाच्या अर्थशास्त्र शिकलेल्या संगीतकारानं एक योजना सुरू केली, गरीब वस्तीतल्या पोरांना वाद्य फुकट, शिकवणं फुकट, आणि पहिल्या दिवसापासून एकत्र वाजवायचं. त्यातूनच दुदामेल नावाचा ऑर्केस्ट्रा चालवणारा आला, पुढं लॉस एंजलिसच्या ऑर्केस्ट्राचा संचालक झाला. २००७ ला ही पोरं प्रॉम्सला वाजवून आली ते लोक अजून सांगतात. सरकारच्या दावणीला फार बांधलं म्हणून त्या योजनेवर टीकाही झाली, तीपण रास्त आहे, ते आपण आधीच लक्षात ठेवावं. पॅराग्वेत कातेउरा म्हणून कचरा डेपोची वस्ती आहे, तिथल्या पोरांची वाद्यं तेलाचे डबे आणि पत्र्यापासून केलेली. काबूलची संगीत शाळा २०१० ची, तालिबान आल्यावर २०२१ ला सगळी पोरं-पोरी पोर्तुगालला गेली आणि तिथून परत वाजवायला लागली. आणि आपल्या शेजारी, धारवाडजवळ कलकेरी संगीत विद्यालय, २००२ पासून, गरीब घरची मुलं राहून हिंदुस्थानी संगीत शिकतात, फी नाही. धारवाडला जमतं, आपल्याला काय अडचण आहे.

पैशाचं म्हणाल तर युरोपातही बोंब आहेच. युरोपियन युनियनचा युथ ऑर्केस्ट्रा १९७६ चा, इतका नावाजलेला, २०१६ ला पैसे नाहीत म्हणून बंद करतो असं जाहीर करायची पाळी आली. मग संगीतकार बोलले, लोकांनी ओरड केली, पैसे मिळाले. आपल्याकडं महोत्सव बंद पडला तर चार दिवस चर्चा होते फक्त, आणि ती पण हॉटेलवाल्यांच्या नुकसानीची.

आता पोरांना एकत्र बसवून तयारी करून घ्यायच्या शिबिराचं. कोणी म्हणंल दिवाळीच्या सुट्टीत घ्या. नको. दसरा-दिवाळीला आमच्या बीड जिल्ह्यातली ऊसतोडीवाल्यांची घरंच्या घरं गाड्यात बसून कारखान्याला जातात, पोरं बरोबर, ती परत यायला मार्च-एप्रिल. दिवाळीत शिबिर घेतलं म्हणजे ती पोरं आपण नावं लिहायच्या आधीच वगळली. मे महिन्यात घ्यावं, एखाद्या आश्रमशाळेत नाहीतर रिकाम्या वसतिगृहात, तीन आठवडे, मुक्कामी. पाण्याचं बघावं लागंल, मे महिना आहे आणि लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं २०१६ साल कोणी विसरलेलं नाही, पण पन्नास पोरांच्या पाण्याला एक टँकर पुरतो, त्याच्या दुप्पट पाणी मंडपापुढच्या धुळीवर शिंपडायला जातं. बऱ्यापैकी पेटी घ्यायची तर पंधरा-वीस हजाराला पडते, सतार त्याच्याही वर, म्हणून वाद्यांची पेढी काढावी, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी वाद्यं ठेवायची, पोरानं नावावर घरी न्यायची, वर्षानं परत करायची. माळ्यावर पडलेल्या पेट्या आणि तबले लोक फुकट देतील, मला तर लोक न मागता विचारतात की सर, ही घेऊन जाता का, अडगळ झाली.

आणि साऊंड. ही गोष्ट कोणी मनावर घेत नाही. बर्लिनच्या हॉलमध्ये शंभर पोरं माईकशिवाय वाजवतात कारण हॉलच तसा बांधलाय. आपल्याकडं साऊंडवाला म्हणजे डीजेचाच माणूस, त्याच्या हाताखाली बेस कमी करायचं बटण असतं हे त्याला पटवून द्यावं लागतं. पखवाजाला एक माईक आणि पेटीला दोन लावले की बासरीवाला नुसता फुंकताना दिसतो. महोत्सवाच्या बजेटमध्ये पोरांसाठी एक सकाळ साऊंड चेकची धरली तरी खूप झालं, मोठ्या कलाकारांना मिळते तशीच.

आमच्या पेटीचं एक सांगून टाकतो, कारण वाद्यवृंद म्हटला की पहिले तीस अर्ज पेटीवाल्यांचेच येणार. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, सूर बांधलेले आहेत, मींड निघत नाही म्हणून. त्या बंदीचा राग आम्हा लोकांना अजून आहे. पण वाद्यवृंदाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं अगदीच टाकून देण्यासारखं नाही, चार पेट्यांच्या पुढं सगळ्यांचे आवाज पेटीखाली दबतात. म्हणून निवड करताना पेटीवाले चारच घ्यावेत, आणि त्यासाठी माझे विद्यार्थी नाराज झाले तरी चालतील. क्लॅरिनेटवाले आठ घ्या, बासरी आठ, सनई जमतील तेवढ्या, हलगी दोन, त्यापेक्षा जास्त हलग्या छताखाली झेपत नाहीत, पखवाज चार, व्हायोलिन आणि सतारी मिळतील तेवढ्या, आणि गाणाऱ्या मुली भरपूर.

तुमचा पेपर दरवर्षी वेरूळ महोत्सवाला आख्खी पुरवणी काढतो, कोण कलाकार येणार त्याचे फोटो छापतो. यावर्षी आयोजकांची मुलाखत घ्याल तेव्हा तुमच्या बातमीदाराला एवढा एक प्रश्न विचारायला सांगा की मराठवाड्यातल्या पोरांना कोणता वार आणि किती वाजताची वेळ, आणि त्या दिवशी सत्कार आधी आहेत का नंतर. उत्तर काय येतं ते जसंच्या तसं छापा.

आपला,
पेटी शिकवणारा एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड